बरं न होणाऱ्या माणसाची सेवा: बेळगावजवळच्या एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव आणि खानापूरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावं सांगत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं. मी त्या मंडळीच्या कमिटीत आहे त्यामुळे बहुतेक मीटिंगांना हजर होतो. लिहायचं कारण एवढंच की सार्वकालिक जीवनाची आशा आपल्याकडे माती द्यायच्या वेळी भरपूर बोलली जाते, पण सोमवारी सकाळी सात वाजता कुणाच्या तरी अंगाखालची ओली चादर बदलताना त्या आशेचं नेमकं काय होतं, ती हाताला बळ देते की नाही, हे कुणी नीट लिहून ठेवत नाही.

पार्श्वभूमी

मामा (सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर (ओतकामाचे साचे करणारे) होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, हातात ईपीएसची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन, जिची किमान रक्कम 2014 पासून 1000 रुपयांवरच आहे, त्यात काय भागणार ते सगळ्यांना माहीत आहे. मामींच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 यायचे, तेही कधी लांबायचे. मुलगा गोव्यात हॉटेल लाइनमध्ये, मुलगी गडहिंग्लजला दिलेली. मामांनी आयुष्यभर संडे स्कूल घेतलं, आज मंडळीत जी चाळिशीतली माणसं आहेत त्यातल्या निम्म्यांना वचनं पाठ करायला मामांनीच लावलेलं.

2024 च्या जूनमध्ये त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण बंद. बेळगावच्या हॉस्पिटलात काही दिवस काढून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला स्वच्छ सांगितलेलं की झटका मोठा आहे, वय झालंय, फार सुधारणा धरू नका, आता काळजी महत्त्वाची. हे वाक्य मुलाने फक्त मामींना सांगितलं. मंडळीला नाही. पुढच्या बऱ्याच गोष्टी इथून बिघडल्या असं मला वाटतं.

मंडळी म्हणजे चाळीसेक घरं, रविवारची उपासना मराठीत, पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) तीन ठिकाणं असल्यामुळे ते मधल्या वारी क्वचितच गावात असतात. पाच-सहा घरं कन्नड बोलणारी, त्यांना जवळ दुसरी मंडळी नाही म्हणून ती आमच्यातच बसतात, गीत मराठीत म्हणतात, प्रार्थना मनात कन्नडमध्ये करतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अजून एक. आमच्या भागात आजाऱ्याची सेवा हा ख्रिस्ती माणसाचा अभिमानाचा विषय आहे. बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 ला सुरू झालं, तिकडे मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 ला दवाखाना उघडला, आमच्या कितीतरी घरांतल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणं, ऑपरेशनं मिरजेला झालेली. पण ती सेवा डॉक्टर-नर्सची, पगारी माणसांची, मोठ्या इमारतीतली होती. गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात शेतावरून दमून आलेल्या माणसाने करायची सेवा कशी असते याचा आम्हाला काही सराव नव्हता.

अडचण

पहिले तीन आठवडे घर माणसांनी भरलेलं. कोण आंबील आणतंय, कोण गीत गातंय, कोण रात्री झोपायला येतंय. मग जुलै आला, पाऊस धो धो, रोप लावणीची घाई, सगळ्यांचे हातपाय चिखलात. रविवारी उपासना संपली की पंधरा जण एकदम मामांच्या घरी, आणि बुधवारी कुणीच नाही. शिवाय आलेली माणसं प्रार्थना करून बसायची आणि मामी गुडघे धरत उठून त्यांच्यासाठी चहा टाकायच्या. भेटायला येणं आणि मदतीला येणं यातला फरक आमच्या लक्षात यायला दोन महिने गेले.

ऑगस्टमध्ये मुलगी माहेरी आली, तिने वडिलांना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर जखम. बेडसोर. कुणीतरी चांगल्या मनाने रबरी रिंग आणून खाली ठेवलेली, कुणी रोज लाल जागेवर खोबरेल तेल चोळत होतं. मुलगी मंडळीवर ओरडली नाही, नुसती रडली, आणि ते जास्त लागलं.

पण जखम हे वरचं लक्षण होतं. आत काय चाललेलं ते माणसांच्या बोलण्यातून कळायचं. एक मावशी, रोज संध्याकाळी येणाऱ्या, एकदा बाहेर चपला घालताना म्हणाल्या, "मी रोज येऊलोय वो अक्का, खरं मामास्नी काय बी फरक पडेना, मग आपण करूलोय ते काय उपेगाचं?" हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता, मावशींनी फक्त तो तोंडाने बोलून दाखवला.

दुसरं बोलणं मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावांचं. ते म्हणाले मामा आता प्रभूच्या दारात आहेत, काळही शेवटचा आहे, प्रभू लवकर येणार, आपण शरीराच्या मागे कशाला लागायचं, प्रार्थना करू आणि सोडून देऊ. हा माणूस ढोंगी नाही. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेली, अंथरुणाशेजारी बसणं त्यांना खरंच सहन होत नव्हतं.

तिसरं बोलणं ऐकायला गोड पण मला सगळ्यात जास्त टोचायचं. "सेवा करा, स्वर्गात मुकुट मिळेल." म्हणजे मामांचं अंथरूण हे आपलं खातं, आज एवढं जमा झालं. आपण तर कृपेने तारलेले, कर्मांनी नाही, हे लहानपणापासून पाठ, बायबलमधलं इफिस 2:8-9 मामांनीच पाठ करून घेतलेलं. त्याच्या पुढचंच वचन सांगतं की आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलंय, पण ती तारणाची किंमत म्हणून नव्हे. पवित्र शास्त्र प्रतिफळाबद्दल बोलतं हे खरंच आहे, पण मुकुटासाठी येणारा माणूस मामांकडे बघत नाही, त्याची नजर मुकुटावर असते, आणि ते आजाऱ्याला कळतं, तो बोलू शकत नसला तरी.

यात भर म्हणून बाहेरून एक प्रचारक आले, मामांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना मामींना सांगून गेले की विश्वास पुरा असता तर माणूस उठून बसला असता, बीपीच्या गोळ्यांवर कशाला भरवसा ठेवता. मामींनी दोन दिवस गोळ्या दिल्या नाहीत. नशीब गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंच्या लक्षात आलं.

समोर काय काय मार्ग होते

ऑगस्टच्या शेवटी पाळकसाहेब, कमिटी, मामी, मुलगी आणि फोनवर मुलगा अशी मीटिंग झाली. पाच गोष्टींवर बोलणं झालं.

मुलाने गोव्याला घेऊन जायचं. त्याची एकच खोली, दोघं नवरा-बायको कामाला, दिवसभर घरी कोण? मामी म्हणाल्या तिथं मला शेजारीण बी नाही. हा मार्ग लगेच मागे पडला.

ब्यूरोतून पूर्णवेळ पगारी माणूस ठेवायचा. मुलाचा निम्म्याहून जास्त पगार त्यातच गेला असता. पण अर्ध्या दिवसासाठी गावातलाच कुणी मिळाला तर, हा विचार बाजूला ठेवला नाही.

बेळगावात सिस्टर्स (नन) चालवतात अशा एका घरात ठेवायचं. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता, कारण तिथली काळजी आमच्यापेक्षा नक्कीच चांगली असती. गावात "टाकून आले" असं बोलतील ही भीती काहींना होती, पण पाळकसाहेबांनी ती बाजूला ठेवायला सांगितलं, लोक काय म्हणतील हे कारण चालणार नाही म्हणाले. शेवटी मामींनी ठरवलं. त्यांना मामा डोळ्यासमोर हवे होते. मात्र असंही ठरलं की जखम सहा आठवड्यांत भरायला लागली नाही तर पुन्हा हाच विषय काढायचा, आणि तेव्हा नाही म्हणायचं नाही. अशी अट घातली हे मला आजही शहाणपणाचं वाटतं.

चौथा मार्ग म्हणजे आहे तसं चालू ठेवायचं, ज्याला जमेल त्याने यावं. बोलून कुणी त्याची बाजू घेतली नाही, पण काहीच ठरवलं नसतं तर झालं असतं तेच.

पाचवा, मोजक्या माणसांचा ग्रुप, ठरलेल्या वेळा, शिकून घेऊन करायचं काम.

निर्णयाआधी एक तास जे झालं त्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळं तिथं फिरलं. पाळकसाहेबांनी डॉक्टरांचं म्हणणं मुलाच्या तोंडून सगळ्यांसमोर सांगायला लावलं. खोलीत शांतता. मग ते म्हणाले, आता मामा बरे होणार नाहीत असं धरूनच बोलू. तरी आपण जायचं का, आणि कशासाठी?

त्यांनी 1 करिंथ 15 उघडायला लावलं. तो सबंध अध्याय पुनरुत्थानाचा. ख्रिस्त उठला, म्हणून मेलेले उठतील, नाशवंत शरीर अविनाशीपण धारण करील, मरणाची नांगी मोडली. एवढं सगळं स्वर्गीय बोलून झाल्यावर प्रेषित पौल शेवटच्या वचनात कशावर येतो? कामावर. स्थिर राहा, प्रभूच्या कामात तत्पर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, मावशींचा प्रश्न बरोबर आहे. फरक पडण्यावरच सेवा उभी असेल तर मामांच्या घरी जायला आजपासून काही कारण नाही. पण देव हे शरीर उठवणार असेल तर या शरीरासाठी केलेलं काही वाया जात नाही, ते आम्हाला दिसो न दिसो.

ते वडीलधारे भाऊ म्हणाले, पण प्रभू तर लवकर येणार. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. थेस्सलनीकाच्या लोकांची आठवण दिली, प्रभूचा दिवस आलाच असं समजून तिथं काहींनी कामधंदा सोडला आणि पौलाला त्यांना पत्रात सुनवावं लागलं. आणि फिलिप्पै 1 वाचलं, जिथं पौल स्वतःच म्हणतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं, पण तुमच्यासाठी मी इथं असणं जास्त गरजेचं आहे. म्हणजे स्वर्गाची सगळ्यात जास्त ओढ असलेला माणूसच इथं राबायला थांबतो.

पाळकसाहेबांनी तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाची गोष्टही सांगितली. तिथं मोठी साथ आली तेव्हा लोक आपल्याच आजारी माणसांना घराबाहेर टाकत होते आणि ख्रिस्ती लोक त्यांची शुश्रूषा करत होते, त्यातले बरेच त्या आजाराने गेले, हे तिथला बिशप डायोनिशियस याने पत्रात लिहून ठेवलंय. मरणाची भीती गेलेली होती म्हणून ते आजाऱ्याला हात लावू शकले. यावर आमच्या अक्का, रिटायर्ड अंगणवाडी सेविका, एवढंच म्हणाल्या, "व्हय, जे शरीर देव उठवणार हाय त्याच्या पाठीला आपल्या आळसानं भोक पडूलंय, ते मला चालणार नाही." मीटिंगचा ठराव मी रजिस्टरमध्ये सभ्य भाषेत लिहिला, पण खरा ठराव तोच होता.

काय केलं

मंडळीतलीच एक मुलगी बेळगावात स्टाफ नर्स आहे. तिने रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये सगळ्यांना शिकवलं, एका पोराला बेंचवर झोपवून. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर न टाकता पाठीमागे उशी देऊन तिरपं ठेवायचं. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, रिंग काढून टाका, तिने कडेला अजून दाब पडतो. ओढत सरकवायचं नाही, खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचलायचं. भरवताना डोकं वर आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं. एअर बेड आणला तरी कूस बदलणं सुटत नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

माणसं नऊ ठरली, नंतर एक कमी झाला. त्यातले चार पुरुष, आणि यावर अक्का अडून बसल्या. तोपर्यंत सगळं बायकांवर पडलेलं. मामांना आंघोळ घालायची, लघवीची पिशवी रिकामी करायची हे परक्या बायकांनी करताना मामा डोळे मिटून घ्यायचे, त्यांना लाज वाटत होती, ते बोलू शकत नव्हते म्हणून आम्हाला कळलं नव्हतं एवढंच. गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा सकाळी सातला यायला तयार झाला, जो रविवारी उपासनेला उशिरा येतो म्हणून कमिटीत त्याच्याबद्दल तक्रार असायची. त्याच्याइतक्या हलक्या हाताने मामांना कुणीच उचललं नाही.

शेजारच्या गावातल्या दोन बायका बसने येत. शक्ती योजनेमुळे 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, आधार दाखवलं की झालं. नसतं तर रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला रोजचं येणं-जाणं परवडलं नसतं. सेवेची गणितं अशा गोष्टींवरही उभी असतात.

खिळ्याला एक वही टांगली. वेळ, कोणती कूस, काय खाल्लं, लघवी किती, सही. मुलाने पैसे वाढवून गावातल्याच एका माणसाला दुपारच्या चार तासांसाठी ठेवलं, त्यात मामी झोपत. आणि नियम केला की या घरात चहा घ्यायचा नाही.

अजून एक गोष्ट ठरवली, अंथरुणाशेजारी काय बोलायचं नाही ते. "रडू नका मामी, ते प्रभूकडे जाणार आहेत" हे बंद. 1 थेस्सलनी 4:13 असं म्हणत नाही की दुःख करू नका, आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका म्हणतं. मामींना रडायला जागा हवी होती. आशेचं झाकण करून कुणाचं रडणं दाबायचं नाही, याबद्दल पाळकसाहेब फार कडक होते आणि मला ते पूर्ण पटतं. बरं होण्यासाठी प्रार्थना बंद केली नाही, रोज केली, पण मामींवर विश्वासाची परीक्षा म्हणून टाकली नाही. गोळ्यांचा डबा नर्सने आठवड्याचा भरून दिला.

मधे आलेली दोन वळणं

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी निघताना सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", आणि मामांच्या तोंडून शब्द यायला लागले. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं तो "तुझे राज्य येवो" पर्यंत बरोबर आला. गल्लीत बातमी पसरली की मामा बोलायला लागले, व्हॉट्सअॅप ग्रुपवर साक्षी सुरू झाल्या. इथे निर्णय घ्यावा लागला. नर्सने सांगितलं की अशा झटक्यात बोलणं गेलं तरी वर्षानुवर्षं पाठ असलेलं गाणं किंवा प्रार्थना निघू शकते, ते मेंदूत वेगळ्या वाटेने टिकतं, याचा अर्थ बोलणं परत येतंय असा नाही. काहींना हे सांगणं म्हणजे विश्वास मोडणं वाटलं. आम्ही तरी सांगितलं, कारण एकदा "फरक पडतोय" वर सगळे गेले की तो थांबल्यावर पुन्हा माणसं गळणार. आणि खरं बोलायचं तर कमी काय होतं त्यात? देवाने माणसाला असं घडवलंय की सगळं गेल्यावरही प्रार्थना शिल्लक राहते. त्या दिवसापासून प्रत्येक पाळीच्या शेवटी प्रभूची प्रार्थना, मामांना जमेल तेवढं ते म्हणत.

दुसरं वळण जास्त अवघड. समोरच्या गल्लीतली एक अज्जी, आमच्याच मंडळीतली, कन्नड बोलणारी विधवा, खुबा मोडून पडलेली होती. तिच्या सुनेने एका रविवारी बाहेर सगळ्यांसमोर म्हटलं, मराठी माणूस पडला तर टाइमटेबल होतं, आमच्या अव्वाला कोण विचारतंय?

सीमाभागात हे वाक्य किती जड आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरून, बसच्या बोर्डावरून माणसं हमरीतुमरीवर येतात, आणि मंडळीत आपण त्याच्यापासून सुटलोय असं सगळे धरून चालतात. काहींना राग आला, काही म्हणाले हिला आत्ताच कसं सुचलं. पण ती खरं बोलत होती. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये अगदी हेच आहे, ग्रीक भाषेच्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत होती, तक्रार झाली, आणि प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही, सात माणसं नेमली. आणि प्रकटीकरण 7:9 मध्ये सिंहासनासमोर उभा असलेला समुदाय सर्व राष्ट्रांचा, सर्व भाषांचा आहे. ज्यांच्यासोबत अनंतकाळ उभं राहायचंय त्यांच्या अंगणात आज पाऊल टाकायला जमत नसेल तर आपण कुठल्या स्वर्गाची वाट बघतोय, असं मला तेव्हा वाटलं आणि मी ते कमिटीत बोललो.

मार्ग दोन होते, नवीन माणसं मिळेपर्यंत अज्जीला थांबायला सांगायचं किंवा मामांच्या पाळ्या कमी करून लगेच सुरू करायचं. आम्ही दुसरा घेतला. मामांची संध्याकाळची पाळी आठवड्यातून तीन दिवस मुलगी आणि पगारी माणसाने धरली. मामींना विचारून केलं, त्या हो म्हणाल्या पण मनातून खचल्या, हे नंतर कळलं. अज्जीकडे पहिल्या दिवशी कन्नड येणाऱ्या दोघी गेल्या आणि कन्नड गीत म्हटलं तर अज्जी सगळी कडवी तोंडपाठ म्हणाली, आमच्यात एवढी वर्षं बसून तिला आम्ही कधी गायला लावलंच नव्हतं. तिच्या नातवाने पुढे मामांच्या अपंग प्रमाणपत्राचे आणि नाडकचेरीतले (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतले) सगळे अर्ज भरून दिले, कारण ते कन्नडमध्ये असतात आणि मामींना फक्त मराठी वाचता येतं.

निकाल

जखम साडेतीन महिन्यांत भरली. सहा आठवड्यांच्या अटीला ती भरायला लागलेली होती, म्हणून दुसरा विचार करावा लागला नाही. पुन्हा नवीन जखम झाली नाही. बोलणं आलं नाही, उजवा हात आला नाही.

नऊ जणांतला एक सुटला, ते वडीलधारे भाऊ. पण ते एका वेगळ्या कामाला लागले, दर शनिवारी मामांच्या शेजारी बसून तासभर पवित्र शास्त्र मोठ्याने वाचायचे. अंगाला हात लावणं त्यांना जमलं नाही आणि आम्ही आग्रह धरला नाही.

ग्रुपमधली माणसं दमत नव्हती असं नाही. दमत होती, पण "फरक काय" हा प्रश्न थांबला. मला वाटतं आशेने दोन कामं केली. एक, निकाल दिसत नसताना माणूस येत राहिला. आणि दुसरं, ज्याबद्दल कमी बोललं जातं, माणूस अपराधी न वाटता घरी जाऊ शकला. मामांना शेवटी उठवणारा देव आहे, आपण नाही, हे एकदा मनात बसलं की पाळी संपल्यावर दुसऱ्याच्या हातात वही देऊन निघता येतं, सुगीत आठ दिवस सुट्टी मागता येते. त्या मावशी सुगीत गेल्या आणि परत आल्या. आधीच्या वर्षी असत्या तर लाजेने परत आल्या नसत्या.

मामा 2025 च्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले, घरीच, गॅरेजचा पोरगा आणि मामी जवळ होते. माती द्यायच्या वेळी गीत दोन्ही भाषांत झालं.

पुन्हा करायचं झालं तर

डॉक्टरांचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात, घरच्यांच्या परवानगीने, मदत करणाऱ्या सगळ्यांना सांगायला हवं. आमचे दोन महिने चुकीच्या आशेवर गेले आणि खऱ्या आशेला जागाच मिळाली नाही.

पुरुष आजारी असेल तर पुरुष पहिल्या दिवसापासून. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

मामींच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. दुपारचे चार तास झोप मिळाली पण त्या वर्षभर एकदाही निवांत उपासनेला बसू शकल्या नाहीत. रविवारी सगळे उपासनेला, म्हणून मामांजवळ त्याच. एकेकाने आळीपाळीने रविवार सोडून तिथं बसायचं, हे कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर काहींनी उपासना चुकवणं पाप म्हटलं असतं. मत्तय 25 मध्ये राजा काय विचारतो ते बघितलं तर मला यात पाप दिसत नाही.

अज्जीला घेतलं ते बरोबर, पण पाळ्या कमी करण्याआधी मामींशी एकट्यात बोलायला हवं होतं, कमिटीसमोर "हो" म्हणण्याशिवाय त्यांना दुसरं काय शक्य होतं?

मुलाला आम्ही फक्त पैसे मागितले. त्याला व्हिडिओ कॉलवर रोज रात्रीची प्रार्थना घ्यायला सांगता आली असती, सुट्टीत आल्यावर दोन पाळ्या त्याच्या नावाने ठेवता आल्या असत्या. तो शेवटी म्हणाला की घरात येऊन मला पाहुण्यासारखं वाटायचं. ते ऐकून वाईट वाटलं.

वही मामींनी जपून ठेवलीय. नवीन वही दोन भाषांत आखलेली आहे, अज्जीकडे टांगलेली. तिथे आता सहा जण आहेत, मामीही त्यात, बुधवार सकाळ त्यांची. मंगळवार संध्याकाळ रिकामी आहे, ती करणारी मुलगी धारवाडला शिकायला गेली. या महिन्याच्या मीटिंगला पहिला विषय तोच घेतलाय.